उलट्या तोंडाची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. घरातली नाही, गाडीतली. लहान मुलांना पट्ट्याने बांधून बसवतात ना, ती. आमच्या नॉर्वेत चिमुरडी पोरं गाडीत मागे तोंड करून बसतात. त्यामुळे चालवणारा पुढचा रस्ता बघतो, आणि मी व माझ्या मांडीवरचं मूल, आम्ही दोघं मागे राहिलेली माणसं बघतो.

माझ्या मांडीवर आली सिग्ने. तिचा बाबा आइनार मला दुकानातून घेऊन आला तेव्हा तिची आई मारित खो खो हसली होती. "अरे, पोर अजून पोटात आहे! पट्टा कुणाला बांधलास?" त्याने पावाच्या पुड्याला बांधला होता.

सिग्ने तीन वर्षांची झाली आणि ती दोघं वेगळी झाली. भांडी आपटली नाहीत, आवाज चढले नाहीत. मारित पोरीला घेऊन खाडीपलीकडे राहायला गेली. आइनारने एका आड एक शनिवारी येऊन पोरीला न्यायचं, रविवारी परत सोडायचं. पेट्रोल, बोगद्याचा टोल, गाडीसकट फेरीबोटीचं भाडं, सगळं त्याच्याच डोक्यावर. तसं ठरलं नव्हतं. विषयच निघाला नाही. आमच्याकडची माणसं हवेबद्दल तासभर बोलतील, पण खिशातली ओढाताण तोंडातून निघायची नाही.

निघताना काचेतून आई लहान लहान होत जायची, आणि रविवारी आम्हाला दारात सोडून निघालेली बाबाची गाडी. सिग्नेच्या रडण्याने माझं कापड ओलं व्हायचं.

हिवाळ्यात आइनारचं येणं चुकायला लागलं. फोनवर एकच पालुपद, "गाडी बिघडलीय." मारित मला दारात काढून ठेवायची आणि सिग्ने बूट घालून माझ्यात बसून राहायची. एकदा तिने विचारलं, "आई, बाबा मला विसरला का गं?"

मारितचा चेहरा खर्रकन उतरला. माझा तर जीव तुटला.

पुढच्या शनिवारी मारितने पोरीला माझ्यात बसवलं आणि तडक आइनारचं घर गाठलं. अंगणात त्याची गाडी धडधाकट उभी होती.

"ही बिघडलीय होय?" मारित खाली उतरत म्हणाली.

आइनार कानकोंडा झाला. "गाडीला काही झालेलं नाही. कारखान्यात काम निम्म्यावर आलंय. या फेऱ्या झेपत नाहीत गं."

"मग बोलायला काय झालं होतं? तिकडे पोर बूट घालून बसते आणि मी तुझ्या नावाने बोटं मोडते!"

"पोरीला भेटायला तुझ्यापुढे हात पसरू?"

"हात कसले पसरतोस? पोर काय तुझ्या एकट्याची आहे? तू तुझ्या बाजूच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत गाडी आण, मी माझ्या. न्यायला तू बोटीने पायी ये, आणायला मी येईन. पायी माणसाला भाडंच नाही."

"आणि ही खुर्ची?"

"घे खांद्यावर. पोटही जरा कमी होईल."

आइनार हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना ऐकलं, आणि मला एकदम हलकं वाटलं.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. मी त्याच्या खांद्यावरून बोटीत चढायची. बोटीवर गरम गरम स्वेले मिळतात, तुमच्या जाड धिरड्यासारखे. सिग्ने जाताना बाबाकडून एक खायची आणि येताना "बाबाने काहीच दिलं नाही" म्हणून आईकडून दुसरा. मी साक्षीदार, पण चुगली केली नाही.

आता सिग्ने मोठी झालीय, पुढे तोंड करून बसते. मी आइनारच्या पडवीत असते. तुमच्याकडेही दोन घरांत वाटलेलं लेकरू असेल, तर जाण्यायेण्याच्या खर्चाचं वेळेत बोलून टाका, बाबांनो. ते दारात बूट घालून बसलेलं असतं.

परवा सिग्नेने मला उचलून खिडकीकडे वळवलं. खिडकीतून धक्का दिसतो. जन्मभर मी माणसं लांब जाताना पाहिली. आता शनिवारी बोट लागते, आणि लाल टोपी घातलेली एक मुलगी बाबाचा हात धरून मोठी मोठी होत माझ्याकडे येताना दिसते.