कॉलरची मागची बाजू

लोरेनने पत्र्यावर चिकटपट्टीने पाडलेल्या चौकोनांवर लाल रंगाचा फवारा मारला आणि मागे सरून ती वाट पाहू लागली.

सकाळपासून बॉनेटमागून बॉनेट बिघडत होतं. रंग नीट पसरता पसरता एखाद्या ठिपक्यापाशी अंग चोरायचा आणि तिथे माशाच्या डोळ्यासारखं गोल भोक पडायचं. हे सिलिकोनचं काम. बोटाला पुसट लागलेलं हँडक्रीमही त्याला पुरतं. म्हणून विंडसरच्या मोटार कारखान्यातल्या या रंगखात्यात कुणी काही चोपडून येत नसे. लोरेनच्या घरात तर लग्नापासून तसलं काही शिरलंच नव्हतं. हिवाळ्यात तिच्या टाचा उलत, नवऱ्याची, गॉर्डची, बोटं फुटत.

"ती नवी तमाराच असणार," मुकादम ड्वेन म्हणाला. "हात बघ तिचे, लोण्यासारखे. जेवणाचा डबा उचल अन् घरी जा म्हणून सांगितलंय तिला."

"पत्र्याला बोलू दे आधी."

प्रत्येकाचा डगला पुसलेली चिंधी तिने एकेका चौकोनावर फिरवली होती. तमाराचा चौकोन आरशासारखा आला. शेवटच्यात मात्र रंग फाटला. भोकाला लागून भोक. ती चिंधी गॉर्डच्या डगल्याची होती. बाह्यांची नव्हे, बाह्या स्वच्छ निघाल्या होत्या. कॉलरच्या मागच्या बाजूची. माणसाचा स्वतःचा हात जिथे सहसा जात नाही, तिथली.

लोरेनने हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"गॉर्ड!" ड्वेन ओरडला. "बायकोनं माखून पाठवलं काय रे?"

सगळे हसले. गॉर्ड सगळ्यांत मोठ्याने हसला. मग त्याची नजर लोरेनवर गेली आणि हसू तिथंच थांबलं. तमारा डबा घेऊन दाराशी उभी होती.

"मीच चोळलं," लोरेन म्हणाली. "मान धरली होती त्याची."

"तू? तपासनीस असून?" ड्वेनने कपाळावर हात मारला. "मग उद्या ती बाटली आण. काय आहे त्यात, बघावं लागेल. तुझ्या जागेचंही बघावं लागेल."

तमारा डबा ठेवून परत कामाला लागली.

सुटल्यावर गॉर्ड गाडीपर्यंत मागोमाग आला.

"लोरेन, अगं, तू कशाला स्वतःवर..."

ती काचेवरचं बर्फ खरवडत राहिली.

"ड्वेनला उद्या बाटली द्यायचीय," ती म्हणाली. "आज तिकडे जाशील तेव्हा मागून आण. दुकानातली नवी नको. तीच हवी."