रायवळावरच्या कांडेसराचा फोटो

साहेब, रायवळ आंब्याखाली कातळावर पडून जे पिल्लू मेलं, ते तुमच्यामुळे मेलं. तुम्ही तिथे नव्हतात. फटाक्याची वात दुसऱ्याने पेटवली, खोटं तिसराच बोलला. पण ज्या नियमापायी हे घडलं तो नियम तुम्ही केलात, आणि त्याखाली सही तुमची आहे. तुमचं नाव मी घेत नाही. वाचताना तुम्हाला कळेलच कोणाविषयी बोलतोय ते.

मित्रांनो, सुरुवातच भांडणाने केली म्हणून दचकू नका. मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगाचं काळं रबर सुटत आलंय, आणि माझी वरची चकती फिरवली की आत वाळू करकरते. ही वाळू रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्याची. माझं पहिलं आयुष्य तिथेच गेलं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात घातलं. तिथून मी रत्नागिरीत निलेशकडे आलो. निलेश लग्नाचे फोटो काढायचा. हळद, अंतरपाट, जेवणाच्या पंगती, आणि लग्नाआधी नवरानवरीला समुद्रावर पळवत काढायचे फोटो. लोक म्हणायचे, काय फोटो आलेत! ते कौतुक निलेशचं व्हायचं, पण मलाही बरं वाटायचं. मग निलेशने नवा कॅमेरा घेतला आणि मला कपाटात टाकलं. कोकणातल्या दमट हवेत बंद कपाट म्हणजे आमचं मरण. दोन पावसाळ्यांत माझ्या काचेवर बुरशीची जाळी धरली. कोणी उघडून बघितलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं वैदेहीने, निलेशकडून जुन्या भावात विकत घेऊन. ती हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. तिने मला मुंबईला नेऊन साफ करून आणलं, पक्ष्यांसाठी लांब लेन्स जोडली, आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं. डब्यात खाली कोरडे तांदूळ, वर मी. तिची आई म्हणायची, "अगो, पोरं झोपतात फरशीवर आणि हा मेला तांदळाच्या गादीवर." पण माझ्या काचेवर पुन्हा बुरशी आली नाही.

वैदेहीला वेड होतं मोठ्या पक्ष्यांचं. खाडीच्या चिखलात लांब पायांनी चालणारे बगळे, करकोचे, अवाक. त्यातही कांडेसर. काळ्या अंगाचा आणि कापसासारख्या पांढऱ्या मानेचा हा करकोचा माणसाच्या कमरेइतका उंच असतो. तो चालताना म्हाताऱ्या वकिलासारखा चालतो, आणि उडाला की सगळी वकिली विसरायला लावतो.

भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला राजाभाऊंची हापूसची बाग आहे. ते वैदेहीच्या आईच्या गावचे, म्हणून तिचे मामा. बागेच्या टोकाला, खाडीकडे उतार सुरू होतो तिथे, एक उंच रायवळ, म्हणजे कलम न केलेला, आंबा आहे. त्याला कोणी फवारत नाही, त्यावर कोणी चढत नाही. गेल्या वर्षी पौषात त्या झाडावर कांडेसराच्या जोडीने काटक्यांचं घरटं केलं. माघ सरेपर्यंत त्यात तीन पिल्लं दिसू लागली.

आता बागवाल्याचं दुखणं समजून घ्या. मोहोर आला की वानर येतात. मोहोर ओरबाडतात, कैऱ्या चावून टाकतात. त्यांना हाकलायला आमच्याकडे राखणदार सुतळी बॉम्ब लावतो. राजाभाऊंच्या बागेत हे काम धोंडूचं. पण घरटं दिसलं त्या दिवशी राजाभाऊंनी धोंडूला बोलावून सांगितलं, "या टोकाला फटाका वाजता कामा नये. वानरांना काय खायचं ते खाऊ देत."

"आणि मोहोर?" धोंडू म्हणाला.

"मोहोर पुढल्या वर्षी परत येईल. ही जोडी गेली तर येईलच असं नाही."

धोंडू डोकं खाजवत म्हणाला, "मालकानू, वानरांनी हे ऐकलान असेल तर उद्या भावकी घेऊन येतील."

तसंच झालं. त्या टोकाच्या कलमांवर त्या वर्षी फळ धरलं नाही. राजाभाऊंनी तक्रार केली नाही.

झाडाच्या पूर्वेला राजाभाऊंचा मांगर आहे, म्हणजे बागेतली अवजारं ठेवायची खोली. त्याच्या खिडकीला गोणपाट लावून वैदेही आत बसायची आणि गोणपाटाच्या भोकातून मी बाहेर बघायचो. जागा तिने विचार करून निवडली होती. सकाळी आमच्याकडे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. मोठा पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उठतो. वारा पूर्वेचा, ऊनही पूर्वेचं. म्हणजे पक्षी उठला की आपल्याकडे तोंड करून उठणार आणि त्याच्या मानेवर ऊन असणार. ओहोटी लागली की एक पक्षी खाडीतून बेडूक, खेकडे घेऊन येतो आणि दुसरा जातो. ती एकच संधी. त्यासाठी न हलता, न खोकता बसायचं. माझी टिकटिक ऐकूनसुद्धा पक्षी मान वळवतो.

असे तिने पुष्कळ फोटो काढले. कधी फांदी मध्ये आली, कधी पक्षी पाठमोरा गेला, कधी पंख अर्धेच उघडलेले. ती म्हणायची, "असू दे. त्याला कुठे माहीत आहे मी इथे आहे ते."

आणि मग, साहेब, तुमचं पत्रक आलं. तुम्ही चालवता तो पक्षी महोत्सव. फोटोंची मोठी स्पर्धा. नियम पहिला: पक्षी हवेतच हवा. नियम दुसरा: दोन्ही पंख पूर्ण उघडलेले हवेत. बसलेल्या पक्ष्याचा फोटो बाद. जिंकणाऱ्याचा फोटो भाट्ये पुलाजवळच्या मोठ्या फलकावर.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी सलिल आला. सलिल वैदेहीच्या फोटोवाल्या गटातला. त्याचा कॅमेरा माझ्यापेक्षा नवा आणि लेन्स मांडीएवढी. तो महोत्सवाच्या समितीतही होता, आणि स्पर्धेतही. मांगरात तो तिच्या शेजारी बसला. राजाभाऊ बाजारात गेले होते. धोंडू वरच्या अंगाला वानरांमागे होता.

ऊन चढलं. घरट्यातल्या पक्ष्याने एक गोष्ट केली, जी मी त्याआधी पाहिली नव्हती. तो पिल्लांना ऊन लागू नये असा आडवा उभा राहिला आणि त्याने दोन्ही पंख छत्रीसारखे उघडून धरले. तिन्ही पिल्लं त्या सावलीत सरकली. पक्ष्याची चोच उघडी होती, उन्हाने तो स्वतः धापा टाकत होता, पण पंख मिटत नव्हता. वैदेहीने श्वास रोखला आणि माझं बटण दाबलं. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो.

"बाद," सलिल कुजबुजला.

"का? पंख उघडलेत की."

"पाय घरट्यात आहेत, वैदेहीताई. हवेत हवा."

"मग दुसरा येईपर्यंत थांबू. ओहोटी लागेलच."

"दुपारी बारापर्यंत पाठवायचाय. ओहोटी लागेपर्यंत साहेब थांबणारेत होय?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पाणी पिऊन येतो," आणि मागच्या दाराने गेला. जाताना त्याने स्वतःचा कॅमेरा बरोबर नेला. पाणी प्यायला कॅमेरा कशाला लागतो, हे मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं. पण आम्हाला तोंड नसतं, मित्रांनो.

वैदेहीचा डोळा माझ्या मागच्या काचेला लागलेला. घरटं शांत. वारा पडत चाललेला.

मग बॉम्ब फुटला.

मी तो आवाज आधी अंगात अनुभवला. वैदेहीचं बोट दचकून बटणावर दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. मी एकामागून एक फोटो टिपत गेलो. पहिल्यात पक्ष्याची मान ताठ. नंतर पाय वाकलेले. नंतर तो घरट्याच्या काठावरून सुटलेला, पंख टोकापर्यंत उघडे, पांढरी मान सरळ पुढे, काळ्या पिसांवर जांभळी झाक. तुमच्या नियमात अगदी चपखल बसणारा. आणि त्याच फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, तो उडाला त्या झटक्याने काठाशी आलेलं एक पिल्लू खाली येतंय.

झाडाखाली माती नाही. कातळ आहे.

वैदेही धावत बाहेर आली. मी तिच्या गळ्यात आदळत होतो. झाडापासून थोडं दूर धोंडू उभा, हातात अजून काडीपेटी. त्याच्या मागे सलिल, डोळा कॅमेऱ्याला.

"धोंडूदादा, काय केलंत हे?"

"मी काय केलं? बाय, तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी?"

धोंडूने मागे वळून बघितलं. "हे म्हणाले, बाय म्हणतात एक बॉम्ब लावा, वानर घरट्याकडे चढतोय. मालकानी नको म्हटलान, पण म्हटलं बाय तर रोज इथंच असते, तिला दिसला असेल वानर. पोरं वाचवायला लावलं मी."

सलिल म्हणाला, "झालं ते झालं. पक्षी येतील परत. फोटो बघा आधी."

वैदेहीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती वर बघत होती. घरट्यात दोन पिल्लं उरली होती, उघड्यावर. शेजारच्या काजूवर एक डोमकावळा येऊन बसला. मग दुसरा.

मित्रांनो, आता पेच बघा. झाडाखाली माणूस थांबला तर आईबाप परत उतरणार नाहीत. माणूस गेला तर कावळे उतरणार. कावळ्यांना हाकलायला धोंडूकडे एकच साधन, आणि ते पुन्हा वाजवलं तर वर आकाशात घिरट्या घालणारी जोडी कायमची जाईल. धोंडूने काडीपेटी जमिनीवर फेकली.

"बाय, मी दगड मारू काय कावळ्यांना?"

"नको. हात वर केलात तरी त्यांना दिसेल. आत चला."

सगळे मांगरात आले. गोणपाटातून मी बघत होतो. कावळा घरट्याच्या फांदीवर आला. पिल्लं चोची उघडून त्याच्याकडेच वळली, त्यांना वाटलं खाऊ आला. कावळ्याने एकाच्या डोक्यावर टोच मारली. धोंडू पुटपुटत होता, "उतर रे बाबा, उतर." कावळ्याने दुसरी टोच मारली. पिल्लाच्या पांढऱ्या पिसांवर लाल ठिपका दिसला.

खाडीच्या बाजूने एक सावली कातळावरून सरकत आली. काळं अंग, पांढरी मान. पक्षी एकदा झाडावरून पुढे गेला, वळला, पुन्हा पुढे गेला. त्याला भरवसा वाटत नव्हता. तिसऱ्या वळणाला तो पाय लोंबते सोडून उतरला आणि कावळा पळाला. पक्ष्याने पंख उघडले आणि पिल्लांवर धरले.

वैदेहीने फोटो काढला नाही.

तेवढ्यात तिचा आवाज बंद केलेला फोन थरथरला; तो घेऊन ती मागच्या दाराशी गेली. तुमचाच होता, साहेब. "मॅडम, सलिलचा मेसेज आलाय, तुमच्याकडे कमाल फोटो आहे म्हणून. पाठवा, वाट बघतोय."

"सर, तो पक्षी बॉम्ब लावून उडवलाय. एक पिल्लू मेलं."

"अरेरे. निसर्गात चालतं हो असं."

"निसर्गाने नाही लावला बॉम्ब. फोटोखाली तसं लिहून पाठवते."

"तसा रकाना नाही आपल्याकडे. पक्ष्याचं नाव आणि तुमचं नाव, बस."

"मग नाही पाठवत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सलिलने पाठवला. त्याच्या फोटोत पिल्लू नव्हतं, त्याने कोपरा कापला होता. बक्षीस त्यालाच मिळालं. तो फोटो वर्षभर पुलाजवळ उभा होता, वर मोठ्या अक्षरांत: पक्षी वाचवा. त्या दिवशी राजाभाऊ बाजारातून आले तेव्हा धोंडूने ते पिल्लू गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. राजाभाऊंनी ते उघडून बघितलं. सलिल अजून तिथेच होता. ते त्याला एवढंच म्हणाले, "माझ्या बागेत परत पाय ठेवू नकोस." त्या दिवसापासून धोंडूने फटाक्याला हात लावलेला नाही. वानर हाकलायला आता तो पत्र्याचा डबा बडवतो, तोही वरच्या अंगालाच.

मित्रांनो, मी वापरला जावा, साफ ठेवला जावा, एवढंच पूर्वी मला हवं असायचं. आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. उडत्या पक्ष्याचा सुंदर फोटो दिसला की वा म्हणण्याआधी क्षणभर थांबा, आणि ज्याने काढला त्याला विचारा, हा का उडाला? भूक लागली म्हणून, जोडीदार आला म्हणून, की कोणी दगड मारला म्हणून? खरा फोटोवाला असेल तर तो आनंदाने तासभर सांगेल. दुसरा असेल तर विषय बदलेल.

साहेब, आता तुम्ही. यंदा जोडी पुन्हा रायवळावर आली आहे. वाचलेल्या दोन पिल्लांचं घरटं सोडून गेल्यावर काय झालं, कोणाला माहीत नाही. पण हे दोघे आले आणि आता अंड्यांवर बसलेत. आणि परवा तुमचं नवं पत्रक निघालं. नियम तेच. हवेतच हवा, पंख पूर्ण उघडे हवेत, बसलेला बाद. नियम बदलाल का, असं वैदेहीने तुम्हाला तीन वेळा विचारलं, एकदा तुमच्या दारात उभं राहून. तुम्ही म्हणालात, बघू. राजाभाऊंच्या झाडाची राखण धोंडू लांबून करतो. पण गुहागरपासून इकडे खाडीखाडीला घरटी आहेत, आणि त्यांना राखायला कोणी नाही.

तर मी, एक जुना कॅमेरा, सगळ्यांसमोर विचारतो. बसलेल्या पक्ष्याला बाद करायचा नियम तुम्ही काढणार की नाही? फोटोखाली पक्षी का उडाला ते लिहायची जागा ठेवणार की नाही? बघू म्हणू नका. हो म्हणा किंवा नाही म्हणा, आणि अंडी फुटायच्या आत म्हणा.