जागी धवलारीण

"ही झोपली का काय गो?"

पुतळाबाईंनी हे विचारलं तेव्हा माझी धोंडूआत्या त्यांच्यापासून दोन हातांवर, ओटीच्या खांबाला टेकून बसली होती. नावड्याची ही मंडळी माझ्या धाकट्या बहिणीचं, गोजराचं, लग्न पक्कं करायला कोपरखैरण्याला आली होती. पुतळाबाई म्हणजे होणारी विहीण.

"अशी धवलारीन आमाला नको," त्या आईला म्हणाल्या. "मांडवात धवला बोलता बोलता घोरली तं? आमी नावड्याची आनू."

आत्या जागी होती. शब्द न् शब्द ऐकत होती.

आमच्या आगरी लग्नात भटजीला कोण विचारतो? हळद, अंघोळ, माळ, पाठवणी, जे काही व्हायचं ते धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर. आत्याने चाळीस वर्षं ती गाणी म्हटली. पण पंचावन्नाव्या वर्षानंतर तिच्या पापण्यांची कातडी सुटून बुबुळांवर लोंबू लागली. चालताना समोरचं दिसावं म्हणून हनुवटी वर करायची, तर लोक म्हणायचे, हिला चढली आहे. बसली की म्हणायचे, झोपली आहे. बिचारीला दोन्हीकडून मार.

पाहुणे गेल्यावर तिने मला हाक मारली.

"वामन्या, तुझ्या इस्पितलात डोल्यांचं काय करतान का रं?"

मी मुंबईला एका मोठ्या इस्पितळात केसपेपर लिहिणारा कारकून. म्हटलं, करतात, पण कापतात.

"कापूं दे. गोजरा पालन्यात व्हती तवा तिला शबूद दिलाय मी. तिचा धवला मीच बोलनार."

चौसष्ट साल होतं ते. डॉक्टरांनी बोटाने तिची पापणी उचलून पाहिली आणि हसले. "सोपं आहे. सिनेमातल्या बायका हौसेनं करून घेतात."

"मंग मना पन सिनेमातली कर."

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. सुई देऊन कातडी बधिर करणार, ती जागीच असणार. दोन-तीन दिवस डोळे सुजतील, काळेनिळे पडतील. बर्फाने शेकायचं. पाचव्या दिवशी टाके निघतील. महिनाभर झोपेत पापण्या पुरत्या मिटणार नाहीत, त्याला घाबरायचं नाही, रात्री मलम घालायचं. "आणि महिनाभर चोळणं नाही, धूर नाही, रडणं तर मुळीच नाही."

इथे मात्र आत्याचा चेहरा उतरला. लग्नाला तीनच आठवडे होते. "पाठवनीला धवलारीन रडली नाय तं लोक काय बोलतील?"

"पापण्या उघड्या आहेत म्हणतील," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनला मी दाराशी उभा होतो. सुई टोचली तशी आत्याने हळदीचं गाणं सुरू केलं. डॉक्टर ओरडले, "बाई, तोंड हलवू नका!" "मंग मना भ्या वाटतं," आत्या म्हणाली. शेवटी ओठ मिटून गुणगुणायची परवानगी मिळाली. तासभर ती गुणगुणत राहिली आणि डॉक्टर कापत राहिले. शेवटचा टाका घालताना डॉक्टरही तीच चाल गुणगुणत होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

तुर्भ्याकडे येणाऱ्या होडीत नाखव्याने तिचं सुजलेलं तोंड पाहून विचारलं, "कोनी मारला गो?"

"डाक्टरनी. मीच बोलली त्याला, मार."

गावात बर्फ मिळायचा तो फक्त मासळीच्या पाटीत. बाबांनी कोळणीकडून आणला. त्याला पापलेटांचा असा वास, की शेजारच्या दोन मांजरी आत्याच्या उशाशी येऊन बसल्या त्या सूज उतरेपर्यंत हलल्या नाहीत.

टाके काढल्यावर आठ दिवसांनी तिने आरसा मागितला. कितीतरी वेळ ती पाहत राहिली. आत्याची आईसुद्धा धवलारीण होती.

"ही तं माझी आय," ती हळूच म्हणाली. मग चटकन आरसा पालथा घातला, कारण रडायला बंदी होती.

धवला आत्याच बोलणार असा गोजराने हट्ट धरला, पुतळाबाईंना तो मानावा लागला, आणि लग्न ठरल्या दिवशी झालं. आत्याने पहिल्या हळदीपासून शेवटच्या माळेपर्यंत आवाज पडू दिला नाही. पाठवणीला सगळा मांडव रडला, मी रडलो, नवरासुद्धा रडला. आत्या ताठ उभी राहून गोजराकडे पाहत गात होती. डोळे लख्ख उघडे आणि कोरडे. पलीकडून पुतळाबाई टक लावून बघत होत्या.

पाठराखीण म्हणून आत्याच नावड्याला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघींना आणायला मी पोचलो. ओटीवर आत्या खांबाला टेकून बसली होती आणि तिच्यासमोर पुतळाबाई हात जोडून बोलत होत्या.

"त्या दिशी चार मानसांत बोलली मी, धोंडूबाय. माझी चूक झाली. असा धवला मी जन्मात आयकला नाय. आमच्या धाकट्या नामाच्या लग्नाला धवला बोलाला तुमीच येवा."

आत्या त्यांच्याकडे पाहत होती. काही बोलत नव्हती.

"अजून राग हाय?"

आत्या गप्पच. मी पायरीवर होतो, म्हणून मला तिचं बारीक घोरणं ऐकू आलं. पापण्या पुरत्या मिटलेल्या नव्हत्या, एवढंच. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पुतळाबाईंनी विडा लावून तिच्या तळहातावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि आत जाता जाता मला म्हणाल्या, "मोठी बाय हाय तुजी आत्या. सगला आयकून घेतला, एक शबूद उलट नाय."

त्या गेल्यावर मी आत्याला हलवलं.

"आं? कोन आल्ता? यो इडा कोनाचा?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे खांदे हलू लागले. पदर तोंडात कोंबून ती हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि गालांवरून धारा लागल्या, थांबेचनात. पाठवणीपासून अडवून धरलेलं सगळं पाणी त्यात होतं.

"वामन्या," ती हुंदक्याहुंदक्याने म्हणाली, "डाक्टरला इचार रं. हसून आलेला पानी चालतं का?"

चोळायला बंदी होती, म्हणून तिने ते पुसलं नाही. तसाच ओला चेहरा वर करून तिने विडा तोंडात टाकला आणि गोजराला हाक मारली.