परीक्षकबाईंची स्लाइड

काचताईंची सत्तावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात गेली होती, म्हणून तर लॅबमध्ये त्यांना हे नाव पडलेलं. तरी नोंदणी टिकवायला दर दोन वर्षांनी परीक्षा द्यायचीच! यंदाच्या परीक्षकबाई तर त्यांच्या लेकीहून लहान.

"एकदा पास म्हणजे कायमचं पास नसतं हं," त्या आल्या आल्या म्हणाल्या. काचताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठरलेल्या स्लाइड टपालात अडकल्यात. ही मी सकाळीच बनवलीय. रक्त कोणाचं ते विचारू नका, काय दिसतं ते सांगा," परीक्षकबाई म्हणाल्या.

काचताईंनी पेशी मोजायला घेतल्या आणि बघता बघता त्यांना हसू आवरेना.

"तांबड्या पेशी झकास! पण पांढऱ्यांत इओसिनोफिल शंभराला अठरा, असायला हव्यात फार तर सहा. एक तर ॲलर्जी, नाहीतर पोटात जंत."

परीक्षकबाईंचे कान लालबुंद झाले. त्यांनी 'उत्तीर्ण'वर घाईघाईने सही ठोकली आणि बोटावरची चिकटपट्टी लपवत हळूच विचारलं, "नक्की अठराच का हो?"

काचताईंनी शौचाच्या नमुन्याची रिकामी डबी पुढे सरकवली.

"उद्या सकाळी घेऊन या. मग पंधरा दिवसांनी पुन्हा. एकदा पास म्हणजे कायमचं पास नसतं हं!"