एवढ्याने भागत नाही

दम्याचे पंप दोन असतात. एक माझ्या पर्समध्ये, एक मनस्वीच्या पाठीवरच्या छोट्या बॅगेत. रविवारी माहेरी जोह्याला जायचं तर रोह्याच्या अष्टमी भागातल्या घरातून निघताना मी ते बघते, पेण स्टँडवर उतरल्यावर चाचपते आणि जोह्याच्या बसमध्ये जागा मिळाली की परत चाचपते. साईराज, माझा नवरा, हसतो. हसू दे. मनस्वी, आमची मुलगी, सात वर्षांची आहे आणि दोनदा मी तिचे ओठ निळे पडलेले पाहिलेत. तेव्हा तो शिफ्टला होता.

त्या रविवारी दुपारी बारा वाजता दोन्ही पंप नव्हते.

पर्समध्ये नुसतं पंपाला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं होतं. मी पर्स टेबलावर उलटी केली. चिल्लर, रुमाल, टिकल्यांचं पाकीट. मनस्वीच्या बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली. ती स्वतः कोपऱ्यातल्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसली होती. अशी ती कधी बसते ते मला ठाऊक आहे.

टेबल म्हणजे माझ्या भावाच्या, साहिलच्या गणपतीच्या कारखान्यातलं. शेडच्या एका टोकाला फळ्यांवर मूर्ती वाळत असतात आणि दुसऱ्या टोकाला दर रविवारी आमचा खेळ चालतो. साहिलने तो कॉलेजच्या हॉस्टेलवरून आणला. फासे, हाताने काढलेला नकाशा, प्रत्येकाचं एक पात्र, आणि पुढे काय घडतं ते सांगणारा साहिल. खेळणारे आम्ही तिघं: मी, दिशा आणि रितेश. दोघं साहिलच्या वर्गातले, पेणहून येतात. जादूचं इंग्रजी पुस्तक एवढं जाड होतं की पान शोधेपर्यंत राक्षस खाऊन जायचा. मग साहिल म्हणाला, ताई, तुझं मानसशास्त्रात एम.ए. झालंय, तूच जादू बनव.

मी बनवली, आणि चांगली बनवली. यादी नाही, मंत्र नाहीत. काय हवंय, कोणासाठी हवंय आणि त्यासाठी आपलं काय ठेवतो, एवढं चिठ्ठीवर लिहायचं आणि ती शाडूच्या गोळ्यात दाबून टाकायची. ठेवलेली वस्तू खरोखर नडणारी हवी. रितेशने नदी ओलांडायला डावा बूट ठेवला, तेव्हा मी निकाल दिला की बुटाच्या बदल्यात गुडघाभर पाणी ओलांडता येईल, पुढे पोहत जा. सगळे हसले. दिशाला मेलेला भाऊ परत हवा होता आणि तिने एक अंगठी ठेवली. मी म्हटलं, एवढ्याने भागत नाही. शेवटचा नियमही माझाच: काय ठेवलं आणि कुठे, हे सांगितलं की जादू मोडते.

मनस्वी टेबलाखाली बसून मातीचे उंदीर करायची. मला वाटायचं, तिचं लक्ष उंदरांत आहे.

साहिलने हमरापूरच्या रिक्षावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दहा-पंधरा मिनिटं. मोटरसायकली होत्या, पण धाप लागलेल्या पोरीला महामार्गावरच्या धुळीतून आणि ट्रकांमधून न्यायची माझी हिंमत झाली नाही. मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला बेचाळीस. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता. दिशा आणि रितेश टेबलाखाली, पोत्यांमागे, मोरीत शोधत होते.

मी मनस्वीसमोर खाली बसले आणि पंप कुठे पडले ते विचारलं. ती म्हणाली, पडले नाहीत.

"मग?"

"ठेवलेत."

काय मागितलंस ते विचारलं नाही. कुठे, तेवढंच विचारलं. तिने मान हलवली. साहिलने विचारलं. मान हलवली. दिशाने चॉकलेट दाखवलं, तर तिने तोंड फिरवलं. मी ओरडले. ओरडल्यावर तिची धाप वाढली, म्हणून गप्प झाले.

"मी सांगते ना तुला," मी हळू आवाजात म्हटलं. "नियम मीच केलेत. मीच बदलते."

"नाय बदलता येत." ती दोन शब्दांमध्ये थांबत होती. "तूच मामाला सांगितलंस. खेळ चालू असताना नियम बदलायचा नाय."

सांगितलं होतं. मागच्याच रविवारी, मोठ्या तोऱ्यात.

तिच्या छातीतून शिट्टी ऐकू यायला लागली होती. अजून पाच मिनिटांनी ती थांबली तर बरं वाटून थांबली असं समजायचं नसतं, हे डॉक्टरांनी मला शिकवलंय. मी रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा नव्हती. मग टेबलावरचा शाडूचा गोळा उचलला.

"नियम तोच," मी म्हटलं. "मी नवीन जादू करते. काय हवंय? दोन्ही पंप. कोणासाठी? तुझ्यासाठी. आणि माझा फोन ठेवते."

तिने माझ्याकडे पाहिलं, निकाल देताना मी पाहते तसं.

"एवढ्याने भागत नाही."

मी मंगळसूत्राला हात लावला. ती नाही म्हणाली. हा खेळ ठेवते म्हटलं, परत कधी खेळणार नाही. तिने क्षणभर विचार केला आणि नाही म्हणाली. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या.

"तूच सांग. मला काय नडेल?"

"तुझा हात," ती म्हणाली. "झोपल्यावर ठेवतेस तो."

ती झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवते. पाच वर्षं ठेवतेय. तो ठेवल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. तिला कळत नाही अशी माझी समजूत होती.

दिशा माझ्याकडे बघत होती. मी चिठ्ठी लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं. चिठ्ठी मातीत दाबली आणि गोळा तिच्या हातात दिला. तिने तो मुठीत धरला.

"बाप्पाच्या पोटात. उंदराच्या कानाला टिकली लावलेय."

साच्यातून काढलेली मूर्ती आतून पोकळ असते. दुसऱ्या दिवशी ती आडवी करून बुडाला मातीची चकती लावतात. ते काम पुंडलिककाकांचं. वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे आहेत, आणि आज सकाळी आम्ही आल्यावर त्यांनी एक अख्खी फळी बंद केली होती. सात मूर्ती, सगळ्या एकसारख्या, ओल्या ब्रशने सारख्या केलेल्या. एकाही उंदराच्या कानाला टिकली नव्हती.

काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"टिकली व्हती गो. कसली चिकटलेय म्हणून मीच काढली."

"कुठल्या मूर्तीची?"

त्यांना आठवेना. साहिल फळीजवळ गेला आणि थांबला. गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाचा हात असा सहज उठत नाही. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण माझेही पाय जागचे हलत नव्हते.

"डोळे नाय आखले अजून," पुंडलिककाका म्हणाले. "तवर मातीच हाय ती. फोडा." आणि पहिली मूठ त्यांनीच मारली.

पहिलीत काही नाही. दुसरी साहिलने फोडली, बुडासकट सोंड खाली आली. तिसऱ्या मूर्तीत मी कोपरापर्यंत हात घातला. आतली माती थंडगार. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

पंप मातीने माखले होते. मी एक पदराने पुसला, हलवला, हवेत एकदा दाबून पाहिला, नळकांड्याला लावला. एक दाब. सहा श्वास. दुसरा दाब. सहा श्वास. तेवढ्यात रिक्षाचा हॉर्न वाजला.

पेणला रामवाडीच्या दवाखान्यात तिला औषधाची वाफ दिली. दोन तासांनी डॉक्टर म्हणाले, न्या घरी. साहिलने बाहेर माझ्या हातात वाळत आलेला एक छोटा गोळा ठेवला. त्याच मूर्तीत मिळाला होता. मी तो फोडला. आत चिठ्ठी. इयत्ता दुसरीतलं मोठं अक्षर, शब्दांत भरपूर जागा सोडलेली. काय हवंय: भीती जाणे. कोणासाठी: आई. काय ठेवते: पंप. पुढे पंप खोडून दोन पंप केलं होतं.

संध्याकाळच्या रोहा गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. नागोठणं यायच्या आत मनस्वी माझ्या दंडाला टेकून झोपली. दोन्ही पंप माझ्या मांडीवर होते. गाडीच्या घरघरीत तिचा श्वास ऐकू येत नव्हता. फ्रॉकची बाही हलते का बघत होते, पण रस्ता असा की सगळंच हलत होतं. माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. तिच्या मुठीत अजून तो मातीचा गोळा होता, माझ्या चिठ्ठीचा.

मी हात परत मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने धरून. रोहा यायला अजून अर्धा तास होता.