मारियामाईचे निळे अश्रू

मारियामाई रडते आहे, ही बातमी मानिसालेस शहरभर पसरायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी ला सेनिसा वस्तीच्या उभ्या चढणीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. गुडघे धरलेले म्हातारे, कोर्टात खटले अडकलेले दुकानदार, नवरा पळून गेलेल्या बायका आणि नवरा परत आलेल्या बायका, सगळे हातात रिकाम्या बाटल्या घेऊन डोंगराच्या संरक्षक भिंतीपुढे रांगेत उभे होते.

भिंतीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, एक नवा कोनाडा होता. त्यात प्लास्टरची मारियामाई. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि त्याला लव्हेंडरचा मंद वास होता.

"स्वर्गातल्या बागेचा सुगंध आहे हा," बंधू ओव्हिदिओ हात पसरून सांगत होता. "माईने आपला डोंगर मांडीवर घेतलाय. आईच्या मांडीवरचं लेकरू कधी घसरतं का? मग दरडीची भीती कशाला? ते धोक्याचे भोंगे कशाला?"

हा बंधू ओव्हिदिओ वर्षभरापूर्वीपर्यंत गवंडी होता. मग त्याला दृष्टान्त झाला आणि थापी सुटली. भिंतीच्या पायथ्याशी नगरपालिकेने 'इथे घर बांधू नये' असे लाल फलक लावले होते. ते त्याने 'अविश्वासाचे फलक' म्हणून उपटले, चुन्याच्या रेघा मारल्या आणि त्या जागेचे 'आशीर्वादाचे प्लॉट' विकायला काढले. सहा प्लॉट महिन्यात गेले.

त्यातला एक रुबिएलाच्या धाकट्या बहिणीने, मार्लेनीने घेतला होता.

रुबिएला उतारावरची राखणदार होती. वस्तीतल्या काही बायकांना नगरपालिकेने हे काम दिलं होतं: डोंगरावरचे पाण्याचे चर साफ ठेवायचे, भिंतींना तडे गेलेत का पाहायचं आणि भोंगा वाजला की दारोदार जाऊन माणसं बाहेर काढायची. बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावर दरड कोसळली तेव्हा रुबिएलाने आपल्या हातांनी चिखल उपसून आईला बाहेर काढलं होतं. आई गेलेली होती. तेव्हापासून पाऊस लागला की तिला झोप येत नसे. संध्याकाळी ती जपमाळ ओढायची आणि सकाळी फावडं घेऊन चर उपसायला जायची. या दोन कामांत तिला कधी भांडण दिसलं नाही.

मार्लेनीने तिच्यापुढे भक्तिभावाने बाटली धरली. "ताई, हलवून बघ. फेस येतो. साध्या पाण्याला येतो का?"

रुबिएलाने हुंगून पाहिलं. हा वास तिने दर सोमवारी घेतला होता. भिंतीच्या वरच्या अंगाला दोन्या लिगियाचं, म्हणजे लिगियाबाईचं, घर होतं. ती चार घरची धुणी धुवायची आणि कपड्यांना वास यावा म्हणून शेवटच्या पाण्यात लव्हेंडरचं औषध टाकायची.

"तू हे प्यायलीस?" रुबिएलाने विचारलं.

"मीच नाही, पोरांनाही पाजलं."

पोरांचं पोट दोन दिवस बिघडलेलं होतं. बंधू ओव्हिदिओच्या मते, आतलं पाप बाहेर पडत होतं.

रुबिएला भिंतीकडे गेली. भिंतीमागच्या डोंगरातलं पाणी निघून जावं म्हणून तळाशी अठरा नळ्या होत्या. एरवी ऑक्टोबरात त्या पोरासोरांच्या नाकासारख्या वाहायच्या. आता अठराच्या अठरा कोरड्या होत्या. तिने एका नळीत सळई घातली. बोटभर आत गेल्यावर सळई ठक्कन थांबली. टोकाला नव्या सिमेंटची भुकटी लागली. मग तिने दोन पोरांना भिंतीच्या दोन टोकांना दोरी ताणून धरायला लावली. मधला भाग गर्भार बाईच्या पोटासारखा पुढे आला होता.

पाण्याला वाट मिळेना म्हणून ते भिंतीमागे छातीपर्यंत चढलं होतं आणि कोनाड्यातून गळत होतं. ज्याला लोक अश्रू म्हणत होते, तो भिंतीला लागलेला घाम होता.

तिने लोकांना सांगून पाहिलं. लोकांनी ओव्हिदिओकडे पाहिलं. तो करुणेने हसला. म्हणाला, "जिचं मन वाकडं, तिला भिंतही वाकडी दिसते." रांग खदखदून हसली, मार्लेनीसुद्धा. नगरपालिकेचा इंजिनिअर सोमवारी येणार होता, पण आकाश भरलं होतं आणि रविवारी आठशे माणसं त्या भिंतीखाली जमणार होती.

शनिवारी रुबिएला लिगियाकडे गेली. धुण्याच्या हौदाचा पाइप परसात तुटला होता आणि सगळं पाणी थेट भिंतीमागच्या दगडगोट्यांच्या थरात उतरत होतं. आपल्या धुण्याचं पाणी लोक पितात हे ऐकून लिगिया आधी लाजली आणि मग तिला इतकं हसू आलं की ती हौदाच्या काठावर बसली. पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो, हे दोघींनी ठरवून ठेवलं.

रविवारी प्रार्थना रंगात आली असताना रुबिएला पुढे झाली. आता थोड्या वेळाने माई निळं रडेल, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. वर लिगियाने निळीचा अख्खा पुडा हौदात रिकामा करून बोळा काढला होता. ओव्हिदिओ काही बोलायच्या आत माईच्या गालांवरून निळी धार लागली.

गर्दीच्या तोंडून हुंकार निघाला. आणि शेकडो माणसांनी गुडघे टेकले.

"बघा, तिच्या झग्याचा रंग," ओव्हिदिओ गदगदून म्हणाला. एवढ्या हजरजबाबीपणाने त्याने भिंत बांधली असती तर ती शंभर वर्षं टिकली असती.

रुबिएलाला क्षणभर वाटलं, सोडून द्यावं सगळं. मग तिला पुढच्या रांगेत मार्लेनी दिसली, कडेवर आजारी पोर.

"पुढचा रंगही मीच सांगते," ती शांतपणे म्हणाली. "लाल. बीट उकळून ठेवलंय. बंधू, तुम्ही माईला विचारून हिरवा सांगा. बघू या ती कुणाचं ऐकते."

ओव्हिदिओने डोळे मिटून मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली. पाऊण तास ती चालली. मग निळी धार जांभळी झाली, आणि जांभळीची लाल. तेवढ्यात वरून, भिंतीच्या कठड्यावर वाकून, दोन्या लिगियाने हाक दिली, "रुबिएला, बीट संपलं गं. आता काय ओतू?"

आधी एक म्हातारा हसला. मग कुणीतरी बाटली ओतून दिली. मार्लेनी पुढे झाली, तिने मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. माईच्या मस्तकामागून प्लास्टिकची बारीक नळी निघाली आणि थेट भिंतीला पाडलेल्या भोकात गेली होती. पाणी डोळ्यांत चढावं म्हणून ओव्हिदिओनेच खालच्या नळ्या लिंपल्या होत्या. माई रडली की उरलेले प्लॉट विकले जाणार होते.

"माझी पोरं इथे झोपणार होती," मार्लेनी त्याला म्हणाली. एवढंच. तरुणांनी त्याला पोलीस येईपर्यंत लिगियाच्या हौदाशी बसवून ठेवलं.

रुबिएलाने गर्दी भिंतीपासून लांब हटवली. चार गवंडी बाजूला उभे राहून पहारीने नळ्या फोडू लागले. सिमेंट निघालं की गढूळ पाणी पिचकारीसारखं उडे. संध्याकाळपर्यंत बारा नळ्या मोकळ्या झाल्या. पायथ्याजवळची कुटुंबं शाळेत हलली. मंगळवारी मुसळधार पाऊस झाला आणि भिंतीचं उरलेल्या सहा नळ्यांकडचं टोक कोसळलं. मार्लेनीच्या अर्धवट घरावर माणूसभर उंच चिखल साचला. त्याखाली विटा होत्या, माणूस एकही नव्हता.

मूर्ती धुऊन चर्चमध्ये ठेवली. तिचा यात काहीच दोष नव्हता. दरडीच्या धोक्याच्या पुढच्या सरावाला भोंगा वाजला तेव्हा सगळी वस्ती बाहेर आली आणि रुबिएलाला बोलायचा आग्रह झाला. तिला भाषण येत नव्हतं.

"प्रार्थना करा, मीही करते," ती म्हणाली. "पण डोंगर आपली प्रार्थना ऐकत नाही, तो फक्त पाण्याचं वजन जाणतो. म्हणून चर साफ ठेवा. भिंतीत काही नवीन दिसलं तर हात जोडण्याआधी ते कुठून आलं ते विचारा. आणि कुणी म्हणालं विचारू नका, तर आधी पोरं उचला आणि तिथून निघा."