उजेड वर, धग खाली

यशश्रीनं टेबलावरच्या छोट्या पंख्याची पिन उपसली आणि पंखा उचलून कपाटावर ठेवून दिला.

"वेड लागलंय का तुला?" तनय कुजबुजला. "अंजली मॅडम जिन्यात आहेत. आज दिवा विझला तर त्या पैसे थांबवणार, प्रकल्प बंद. मग आपण दोघं दिंडोरीला, द्राक्षं खुडायला."

"तू जा. तुला कात्री तरी धरता येते."

पेरॉव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा दिवा. कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ थर, जाड काचेवर. पेटायचा झकास आणि समोरचा चहा निवायच्या आत मरायचा. प्रयोगशाळेचे प्रमुख शरच्चंद्र सर दर वेळी आणखी मोठा पंखा आणायचे. वारा काचेला लागायचा. धग थरातच कोंडलेली. जाड काच तिला वाटच देत नव्हती.

म्हणून काल यशश्रीनं काच बदलली. अगदी पातळ घेतली आणि तांब्याच्या पट्टीवर चिकटवली. पट्टी पंचवटीतल्या भांडेवाल्याकडून कापून आणलेली. उजेड वर, धग खाली. सरांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर 'पुढच्या वेळी बघू' झालं असतं.

मॅडम आल्या. मागोमाग सर, हसत.

यशश्रीनं बटण दाबलं. दिवा पेटला.

हिरवा.

"पंखा कुठाय?" सरांचं हसू गेलं. "तनय, पंखा!"

"सर, तो... कपाटावर."

"राहू दे, सर," यशश्री म्हणाली.

हिरवा.

मॅडमनी चहा घेतला. बशी खाली ठेवली. पुन्हा थोडा मागितला.

हिरवा. तसाच.

सरांना राहवेना. त्यांनी पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"अगं, केवढी तापलीय ही! बंद कर, जळेल सगळं!"

"तापू दे, सर." तिनं बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती तापतेय म्हणजे धग बाहेर येतेय. आत कोंडली असती तर दिवा मघाशीच गेला असता."

मॅडम पट्टीवर वाकल्या. मग सरळ होत म्हणाल्या,

"छान. कल्पना कुणाची, शरच्चंद्र? तुमची?"

तनयनं यशश्रीकडे पाहिलं. यशश्री दिव्याकडे बघत राहिली.

सरांनी भाजलेलं बोट कानाच्या पाळीला लावलं होतं.

"मला तर आत्ता कळली," ते म्हणाले.

एव्हाना बोट निवलं असावं. कान मात्र त्यांनी सोडला नव्हता.